मदत हवी आहे: वस्तीतली माणसं परत कशी जोडायची?

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आमचा बारा-चौदा जणांचा गट पाणी आणि ड्रेनेजच्या प्रश्नांवर काम करतो. 2022 आणि 2023 मध्ये दोन मोठे पक्ष फुटले, तेव्हापासून दारात गेलं की एकच ऐकायला मिळतं, "मत दिलं एकाला, गेलं दुसरीकडं. आता सही कशाला?" बैठकीला चार-पाचच जण येतात.

लोकशाही दिनात अर्ज दिला, माहिती अधिकार टाकला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही काढला (तिथं दोन दिवसांत पक्षांची भांडणं सुरू झाली, बंद केला). त्यापेक्षा घरोघरी जाणं बरं पडलं. एका मावशींनी मांडीवरचं विड्या वळायचं सूप न उतरवताच अर्जावर सही केली, तंबाखूचा डाग कागदावर तसाच आहे. त्या नंतर तीन शेजारणींना घेऊन आल्या. म्हणजे माणसं संपलेली नाहीत, हे मला पक्कं दिसतंय.

अडचणी सांगतो. गट नोंदणीकृत नाही, पैसा नाही, कुठल्याच पक्षाचा झेंडा नको. बायकांना हजार विड्या पुऱ्या केल्याशिवाय उठता येत नाही. निम्म्या घरांत तेलुगू बोलतात.

महापालिका कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. तुमच्या शहरात कुणी ती प्रत्यक्ष भरवून घेतली आहे का? अर्ज कुणाकडे केला, पाठपुरावा कसा केला? आणि तोवर दर आठवड्याला लोक टिकून राहतील असं कोणतं छोटं काम हाती घ्यावं?