घर विकलं गेलं, नवीन मालक सही मागायलाय, काय करू?

वडगावचा_मागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात भाड्यानं राहतोय, वडिलांच्या वेळेपासून, पुढं दोन माग आणि मागच्या खोलीत संसार. मालकाची पोरं पुण्याला असतात, त्यांनी परस्पर घर विकलं म्हणे, आम्हाला कोण काय बोललं नाही. रविवारी नवीन मालक आला, टेप लावून भिंती मोजल्या, हेस्कॉमच्या लाईट मीटरचा फोटो काढला आणि जाताना स्टँप पेपर ठेवून गेला, सही करून ठेवा म्हणून. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट आहे, सगळं कन्नडात, मला बोलता येतंय पण असलं कोर्टाचं कन्नड कळत नाही. भाडं पण ह्या महिन्यापासून माझ्याकडंच द्या म्हणायलाय. वडिलांनी दिलेल्या अडव्हान्सचं, म्हणजे डिपॉझिटचं काय? माग काढा म्हटला तर?

टिळकवाडीचे_काका:
सही करायची घाई नको बघा. आधी घर खरंच विकलंय का ते बघा, सरकारच्या कावेरी पोर्टलवर नाहीतर सब-रजिस्ट्रारकडं ईसी, म्हणजे त्या मिळकतीच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला काढा, खरेदीखत रजिस्टर झालं असेल तर त्यात नाव दिसतंय. मालक बदलला म्हणून भाडेकरू आपोआप बाहेर जात नाही, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अॅक्टचं कलम १०९ बघा, नवा मालक जुन्याच्या जागी येतो, हक्कासकट आणि जबाबदारीसकट. विक्री माहीत नसताना जुन्या मालकाला भाडं दिलं असेल तर तेच परत नव्याला द्यावं लागत नाही. पण आता तुम्हाला कळलंय, तेव्हा जुन्या मालकाकडून एक ओळ लिहून घ्या, व्हॉट्सअपवर का होईना, की घर विकलं, भाडं अमक्याला द्या, आणि अडव्हान्स इतका होता तो त्यांच्याकडं वळता केलाय. ही अडव्हान्सची ओळ सोडू नका, नंतर दोघं एकमेकाकडं बोट दाखवतात.

शहापूरकर:
काका बरोबर, पण भाडं थांबवू नका हां दादा, तिथंच लोक फसतात. रोख नको, बँकेतून पाठवा, कुठल्या महिन्याचं ते लिहून. आणि त्या पेपरात 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता नुसती राहायची परवानगी, असं आहे का, घरात धंदा करायचा नाही असं आहे का ते वकिलाकडून बघून घ्या, तुमचे माग तिथंच अडकतील. सही केली की वडिलांपासूनचं राहणं राहिलं बाजूला, तुम्ही आजपासूनचे नवे भाडेकरू.

अनगोळची_ताई:
माझा भाचा इंग्लंडात असतोय. तिकडं कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची घरं हाउसिंग असोसिएशन म्हणतात तसल्या ना-नफा संस्थेला द्यायची तर आधी भाडेकरूंचं मत घेतात, २००२ ला बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंनी सरळ नको म्हणून सांगितलं. हिकडं विचारायची पद्धतच नाही.

टिळकवाडीचे_काका:
ताई, ती सरकारी घरं, हे खासगी. आपला कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा पण सगळ्या घरांना लागत नाही, भाड्याच्या रकमेची मर्यादा आहे, तुमचं घर त्यात बसतंय का ते वकीलच सांगेल. नाही बसलं तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. पण नोटीस आली म्हणजे सामान रस्त्यावर नव्हे, तुम्ही हलला नाही तर त्याला कोर्टातच जावं लागतंय.

वडगावचा_मागवाला:
पुण्याला फोन लावला, लिहून पाठवतो म्हणालेत. ईसी उद्या काढतो. नवीन मालक परत आला तर वकिलाला दाखवून सांगतो एवढंच म्हणू ना?

शहापूरकर:
होय की. आणि त्या स्टँप पेपरच्या सगळ्या पानांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, उद्या मागून घेऊन गेला तर हातात काय राहणार.