मदत हवी आहे: माणिकडोहचा बिबट्या निवारा बघायला मिळतो का?

मुलगी ९ वर्षांची आहे, बिबट्यांचं प्रचंड वेड. राणीची बाग झालीये, पेंग्विनच्या काचेला नाक लावून बसली होती, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली सफारीपण झाली. आता तिला जखमी प्राण्यांवर उपचार कसे करतात ते बघायचंय, आणि मलाही वाटतं की पिंजऱ्यापेक्षा हे दाखवणं जास्त गरजेचं आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला उसात सापडलेले, विहिरीत पडलेले बिबटे ठेवतात, तिथे न्यायचा विचार आहे. नेटवर मिळालेला नंबर लागत नाहीये, ईमेललाही उत्तर नाही.

आम्ही दादरहून निघणार, स्वतःची गाडी, माळशेजमार्गे. सोबत सासूबाई, गुडघ्यामुळे जास्त चालणं नाही. सुट्टी फक्त शनिवार-रविवार. हात लावणं, फोटो वगैरे काही नको, प्राण्यांना त्रास होणार असेल तर जाणारच नाही. कात्रजचं प्राणिसंग्रहालय माहितीये, बुधवारी बंद असतं तेही, पण ते नंतर कधीतरी.

अलीकडे कोणी जाऊन आलंय का? सामान्य लोकांना आत सोडतात का, आणि वनखात्याची परवानगी लागत असेल तर अर्ज नेमका कुठल्या ऑफिसात द्यायचा?