मोहन बागान-ईस्ट बंगाल: नुसती मारामारी नव्हे

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांमधला सामना, म्हणजे डर्बी, ही दोन जमावांची हाणामारी आहे असं म्हटलं जातं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर डर्बीच्या वेळी १६ प्रेक्षकांचा जीव गेला, ते विसरता येणारच नाही. पण तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून जे घरदार सोडून आले, त्यांना या शहरात आपलं म्हणायला ईस्ट बंगालची लाल-पिवळी जर्सी मिळाली. जिंकल्यावर त्यांच्याकडे हिलसा मासा, बागानवाल्यांकडे कोळंबी! १९७५ च्या आयएफए शील्ड या स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने बागानला ५-० हरवलं, ते आजही तिथे कुणी विसरू देत नाही.

आणि १८ ऑगस्ट २०२४? कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता, त्या संतापात बंदोबस्ताचं कारण देऊन ड्युरंड कप या फुटबॉल स्पर्धेतली डर्बी रद्द केली. तरी दोन्हीकडचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मडनवालेही आले. बागानचा पोरगा ईस्ट बंगालवाल्याला खांद्यावर घेऊन न्यायाच्या घोषणा देत होता. पोलिसांच्या लाठ्याही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. बागानचा कर्णधार शुभाशिष बोस स्वतः रस्त्यावर उतरला होता. नुसत्या द्वेषावर पोसलेली माणसं असं एकत्र येतात का, तुम्हीच सांगा.