सोन्याच्या खाणीचा शेअर आणि टेकओव्हरची आवई: आता शिरावे की थांबावे?

तेजीवाला

ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या एका मध्यम सोने-खाण कंपनीचा शेअर दीड महिन्यात २ डॉलरवरून २.६० वर गेला आहे (ऑस्ट्रेलियन डॉलर). खाण एकच, तीही निम्म्या भागीदारीत. कोणीतरी मोठी कंपनी हिला गिळणार अशी जोरदार चर्चा आहे, पण कंपनीने एक्स्चेंजला काहीही कळवलेले नाही. इकडे सोन्याचा भाव एका आठवड्यात चढतो नि दुसऱ्यात आपटतो.

विचारायचे आहे ते असे. नुसत्या चर्चेवर हा शेअर २.६० ला घेण्यात काही अर्थ आहे का? ऑफर आलीच तर हातात नक्की काय पडते? आणि ऑफर आली नाही, वर सोनेही पडले, तर किती खड्ड्यात जाऊ शकतो? पैसे भारतातून एलआरएसने (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जाणार, म्हणून कराचेही कोणी सांगितले तर बरे होईल. "सोन्यात जोखीम नसते" छापाची उत्तरे नकोत.

विनिमय

ऑफर येईल का, याच्या आधी ती कशात येईल ते विचारा. रोखीत की शेअरमध्ये? सोन्याच्या कंपन्यांत बरेच मोठे सौदे शेअरच्या अदलाबदलीत होतात. तिथे तुम्हाला भाव मिळत नाही, गुणोत्तर मिळते.

यामाना गोल्ड या कॅनेडियन सोने-खाण कंपनीचे प्रकरण पाहा. ३१ मे २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या गोल्ड फील्ड्सने तिच्यासाठी ऑफर जाहीर केली: यामानाच्या प्रत्येक शेअरमागे गोल्ड फील्ड्सचा ०.६ शेअर. मथळे झळकले ६.७ अब्ज अमेरिकन डॉलरचे, म्हणजे शेअरमागे साधारण ७ डॉलर. गोल्ड फील्ड्सच्या भागधारकांना हे मुळीच रुचले नाही, कारण नव्या कंपनीत ३९ टक्के वाटा यामानावाल्यांकडे जाणार होता. त्याच दिवशी गोल्ड फील्ड्सचा शेअर २० टक्क्यांहून जास्त कोसळला. गुणोत्तर ०.६ च राहिले, पण ज्याला गुणायचे तोच आकडा घसरला. सात डॉलरची ऑफर दिवस मावळायच्या आत साडेपाचच्या घरात.

पुढे नोव्हेंबरमध्ये अ‍ॅग्निको ईगल आणि पॅन अमेरिकन सिल्व्हर यांनी मिळून दुसरी ऑफर आणली. प्रत्येक शेअरमागे १.०४०६ डॉलर रोख, अ‍ॅग्निकोचा ०.०३७६ शेअर आणि पॅन अमेरिकनचा ०.१५९८ शेअर. त्या दिवशीच्या भावाने बेरीज ५.०२ डॉलर, एकूण ४.८ अब्ज. यामानाच्या संचालकांनी हीच सरस ठरवली, गोल्ड फील्ड्सला ३० कोटी डॉलर करारभंगाची फी गेली आणि मार्च २०२३ अखेर सौदा पुरा झाला. म्हणजे "सरस" ऑफरसुद्धा पहिल्या मथळ्यापेक्षा शेअरमागे जवळजवळ दोन डॉलरने कमी. पहिल्या बातमीवर सात डॉलरचे गणित मांडणाऱ्यांची अवस्था बाजारात तुरी नि भट भटणीला मारी अशी झाली.

आणि टेकओव्हर म्हणजे प्रीमियम (चालू भावाहून जास्तीची किंमत), हेही धरून चालू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये बॅरिकने न्यूमाँटवर चाल केली ती एका शेअरला बॅरिकचे २.५६९४ शेअर देऊन. हे न्यूमाँटच्या चालू भावापेक्षाही कमी होते. दोन आठवड्यांत ऑफर मागे घेतली गेली आणि नेवाडातल्या खाणी एकत्र चालवायच्या ठरल्या, बॅरिक ६१.५ टक्के, न्यूमाँट ३८.५. खरा डोळा तिथेच होता.

खडकपारखी

"खाण एकच, तीही निम्म्या भागीदारीत" हे तुम्ही जाता जाता लिहिलेत, पण सगळ्यात कामाचे वाक्य तेच. दुसरा निम्मा भाग कोणाकडे आहे ते आधी बघा. सगळ्यात स्वाभाविक गिऱ्हाईक तोच.

कारण साधे आहे. भागीदाराला खाणीचा प्रत्येक ड्रिल-होल ठाऊक असतो, दगड दळायच्या गिरणीत रोज किती टन जातात ते ठाऊक असते, त्यामुळे तपासणीचा खर्च आणि फसायची भीती दोन्ही कमी. अ‍ॅग्निकोला यामानामधून हवा होता तो क्वेबेकमधल्या कॅनेडियन मलार्टिकचा उरलेला ५० टक्के हिस्सा. गोल्ड फील्ड्सने २०२४ मध्ये ओसिस्को मायनिंग शेअरमागे ४.९० कॅनेडियन डॉलर रोख देऊन घेतली, कारण विंडफॉल प्रकल्पात दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी. २०२५ मध्ये गोल्ड रोड घेतली ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रुयेर खाणीच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी. तिथे मार्चमधली ३.०५ ऑस्ट्रेलियन डॉलरची पहिली ऑफर संचालकांनी धुडकावली आणि मे महिन्यात ३.४० वर करार झाला. त्यातही ठरीव रोख २.५२ च. उरलेली रक्कम गोल्ड रोडकडे असलेल्या नॉर्दर्न स्टार या दुसऱ्या सोने-खाण कंपनीच्या शेअरांच्या भावावर लटकवलेली होती. एकाच सौद्यात घट्ट भाग आणि पातळ भाग असा वेगवेगळा वाचावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. भागीदारी करारात बहुधा "आधी मला विचार" असा हक्क असतो, किंवा मालकी बदलली की हिस्सा विकत घ्यायचा हक्क जागा होतो. तसे कलम असेल तर तिसरा बोलीदार सहसा फिरकत नाही, आणि बोली लावायला दुसरा कोणी नसला की भागीदार हात आखडता घेतो. वार्षिक अहवालात संयुक्त प्रकल्पाची टीप असते, तिथे शोधा.

चर्चेतले नाव खरे ठरेलच असेही नाही. इजिप्तमधली सुकारी खाण चालवणाऱ्या सेंटामिनच्या मागे २०१९ च्या शेवटी एंडेव्हर मायनिंग लागली होती. जानेवारी २०२० मध्ये ती मागे हटली. कंपनी विकली गेली २०२४ मध्ये, अँग्लोगोल्ड अशांतीला. "टेकओव्हर होणार" म्हणणारे बरोबर ठरले, फक्त मध्ये जवळजवळ पाच वर्षे गेली.

तेजीवाला

निम्मा भागीदार मोठी कंपनीच आहे, रोख भरपूर आहे. मग २.६० ला घेणे ठीक वाटते, नाही का?

वजनमाप

गणित मांडून बघा, मग ठरवा.

चर्चेआधीचा भाव २.००. ऑफर साधारण ३५ टक्के प्रीमियमने आली असे धरू (डी ग्रे ही खाण कंपनी घेताना नॉर्दर्न स्टारने डिसेंबर २०२४ मध्ये ३७ टक्के दिला होता). म्हणजे २.७०. तुम्ही २.६० ला घेतलात तर वर दहा सेंट. चर्चा विरली आणि भाव २.०० वर परतला तर खाली साठ सेंट. हा सौदा ना नफा ना तोटा ठरायलाच ऑफर येण्याची शक्यता ७० पैकी ६०, म्हणजे जवळजवळ ८६ टक्के लागते. तेवढी खात्री फक्त आतल्या माणसाला असते, आणि त्याला शेअर घ्यायला कायद्याने बंदी आहे.

एक पुस्ती. या दीड महिन्यात सोनेही चढले असेल, तर २.०० हा पाया चुकीचा. याच आकाराच्या, चर्चा नसलेल्या चार-पाच ऑस्ट्रेलियन खाण कंपन्या तेवढ्याच दिवसांत किती वाढल्या ते पाहा. त्या सरासरी १५ टक्के वाढल्या असतील तर पाया २.३० होतो, ३५ टक्क्यांनी ऑफर ३.१० च्या आसपास येते. वर ५०, खाली ३०. चित्र पार पालटते. नक्की आकडा काढल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

आता सोने पडले तर. इथे बघायचा आकडा म्हणजे एआयएससी, एक औंस काढायला येणारा सर्वसमावेशक चालू खर्च. समजा सोने ३,००० डॉलर आणि हा खर्च २,००० (दोन्ही अमेरिकन डॉलर, औंसामागे). सुटतात १,०००. सोने १० टक्के पडून २,७०० झाले की सुटतात ७००, म्हणजे नफ्यात ३० टक्के घट. २,६०० खर्चाची खाण असेल तर ४०० चे १०० उरतात, ७५ टक्के साफ. धातू एकच, पण दोन शेअर अगदी वेगळ्या तऱ्हेने पडतात.

एआयएससीमध्ये काय नसते तेही लक्षात घ्या: आयकर, कर्जावरचे व्याज, नव्या खाणीचा भांडवली खर्च. कमी एआयएससी मिरवणाऱ्या कंपनीची तिजोरी रिकामी दिसते ती यामुळे.

दगडाची प्रत बघा. टनाला १.५ ग्रॅम सोने आणि गिरणीत ९० टक्के हाती लागते असे धरले, तर १०० टन दगड दळून १३५ ग्रॅम मिळते. आपल्या जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने साडेअकरा तोळे, त्यांच्या हिशेबात ४.३४ औंस. प्रत १.२ वर आली की तेवढाच दगड फोडून, तेवढेच डिझेल जाळून १०८ ग्रॅम. भाव चढतो तेव्हा कंपन्या मुद्दाम हलका दगड गिरणीत घालतात, कारण तोही परवडू लागतो. म्हणून तेजीत सुद्धा दर औंस खर्च वाढलेला दिसतो. ती नेहमी नालायकी नसते, पण तिमाही अहवालात कारण दिलेले असते, ते वाचावे.

आणि हेजिंग. पुढच्या दोन-तीन वर्षांचे काही औंस ठरीव भावाने आधीच विकलेले असतील, तर तेजी आली तरी त्या औंसांवर फायदा शून्य. पडझडीत मात्र तेच औंस आधार देतात.

पै_पै

एलआरएसचे थोडक्यात. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर. वर्षात १० लाख रुपयांवर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. मार्जिनसाठी (ब्रोकरकडच्या उधारीच्या सौद्यांसाठी) या मार्गाने पैसे पाठवता येत नाहीत.

परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के (अधिक सेस, लागू असेल तर अधिभार), त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबने. टेकओव्हरच्या खेळात शेअर क्वचितच दोन वर्षे टिकतो, तेव्हा हिशेब स्लॅबनेच करा. ३० टक्के स्लॅबमध्ये तुमचे दहा सेंट सातवर येतात.

शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले म्हणजे विक्री नाही, अशी समजूत दिसते. विलीनीकरणाची करमाफी भारतीय भागधारकाला साधारणपणे नवी कंपनी भारतीय असेल तरच मिळते. दोन परदेशी कंपन्यांच्या अदलाबदलीत ती गृहीत धरू नका. हातात रोख नाही आणि कर मात्र देय, अशी गत होऊ शकते. सीएला आधीच विचारा.

रोख ऑफर असेल तर आलेला पैसा पुन्हा गुंतवला नाही तर १८० दिवसांत भारतात परत आणावा लागतो. विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची अनुसूची कॅलेंडर वर्षाने भरायची, आणि वर्षात विकून मोकळे झालात तरी नोंद करायचीच. अदलाबदल झाली असेल तर जुनी आणि नवी, दोन्ही नावे येतात.

भारतातल्या बऱ्याच ॲपवर फक्त अमेरिकेत नोंदलेले शेअर मिळतात. ऑस्ट्रेलियाचा हवा तर ब्रोकर तसा हवा. अमेरिकेतल्या ओटीसीवर (एक्स्चेंजबाहेरचा बाजार) तीच कंपनी दिसेल, पण तिथे उलाढाल पातळ नि खरेदी-विक्रीच्या भावात अंतर मोठे. दहा सेंटचा खेळ त्यातच संपतो.

विनिमय

ऑफर आल्यावरचे एक राहिले. ऑस्ट्रेलियात असे सौदे बहुतेक "स्कीम" पद्धतीने होतात. मतदानात ७५ टक्के मते आणि मत देणाऱ्या भागधारकांच्या संख्येत बहुमत मिळून न्यायालयाने शिक्का मारला की तुमचे शेअर आपोआप बदलतात, तुम्ही काही केले नाही तरी. सरळ टेकओव्हर बोली असेल तर "स्वीकारतो" असे कळवावे लागते. रोख की शेअर असा पर्याय असेल तर ब्रोकरची मुदत कंपनीच्या मुदतीच्या दोन-चार दिवस आधी संपते. ती चुकली की ठरीव पर्याय गळ्यात.

करार जाहीर झाल्यावरही भाव ऑफरच्या थोडा खाली राहतो. ते अंतर म्हणजे सौदा मोडण्याची भीती अधिक वाट पाहण्याचे व्याज. सरकारही मोडू शकते. कॅनडाने डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या शान्डाँग गोल्डला टीमॅक रिसोर्सेस घेऊ दिली नाही. तिथल्या भागधारकांचे नशीब बलवत्तर, १.७५ कॅनेडियन डॉलरऐवजी अ‍ॅग्निकोने पुढच्याच महिन्यात २.२० देऊ केले. असे दर वेळी होत नाही.

तेजीवाला

समजले. आधी बाकीच्या कंपन्यांची दीड महिन्यातली वाढ काढतो आणि संयुक्त प्रकल्पाची टीप वाचतो. चर्चेत तथ्य आहे का, हे बाहेरून ओळखायची काही खूण?

खडकपारखी

दोन जागा बघा, दोन्ही एएसएक्सच्या (ऑस्ट्रेलियाचे शेअर एक्स्चेंज) संकेतस्थळावर फुकट मिळतात.

एक, ५ टक्क्यांवरच्या भागधारकांच्या नोटिसा. परवानगी वा औपचारिक बोलीशिवाय २० टक्के सहसा ओलांडता येत नाहीत, त्यामुळे कोणी १९.९ पर्यंत येऊन थांबला असेल तर तो नुसता लाभांशासाठी बसलेला नाही.

दुसरे, भाव विनाकारण उसळला की एक्स्चेंज कंपनीला पत्र धाडते: जाहीर न केलेले काही आहे का? पत्र आणि उत्तर दोन्ही प्रसिद्ध होतात. उत्तरात सरळ "नाही" असेल तर ते ज्या तारखेला दिले तेवढ्यापुरते खरे समजा. पत्राऐवजी अचानक व्यवहार थांबवले गेले असतील तर मामला निराळा. तो थांबा साधारण दोन व्यवहार-दिवसांचा असतो आणि त्यानंतर सहसा खुलासा येतो. तुमच्या कंपनीला पत्र गेले आहे का, ते आज रात्रीच तपासा. दीड महिन्यात ३० टक्के म्हणजे गेले असण्याची शक्यता बरीच.