शिमल्याची सफरचंदं थेट बागेतून इंदूरला मागवायची का?

लोकमान्यनगरकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये कोटगढला गेलो होतो, तिथे ज्यांच्याकडे उतरलो ते बागवान म्हणाले ऑगस्टमध्ये रॉयल (तिकडची लाल सफरचंदाची जात) निघेल तेव्हा तुम्ही दहा-बारा घरं मिळून पेट्या घ्या, मी ट्रान्सपोर्टने टाकतो, भाव त्या दिवशी तिथल्या मंडीत निघेल तो, भाडं तुमचं. इथे हातगाडीवाला किलोला पावणेदोनशे सांगतो आणि वर दोन मऊ घालतोच. तर यात काही परवडतं का, माल धड पोचतो का, आणि त्या माणसाला खरंच चार पैसे जास्त मिळतात की आपण उगाच आपल्याच मनाचं समाधान करून घेतोय?

मंडीतला मुनीम:
इंदूरच्या चोइथराम मंडीत एका फळवाल्या आढत्याकडे (दलालाकडे) हिशेब लिहितो, म्हणून दोन गोष्टी. सगळे म्हणतात दलाल खातो. खातो, नाही असं नाही. पण बागवान त्याला चिकटून का राहतो, तर फवारणीच्या औषधाला, खताला, घरातल्या लग्नाला पैसे तोच देतो, तेही बिनकागदाचे, मग सीझनला माल दुसऱ्याकडे नेणार कसा? शिवाय फळ एकदम येतं. झाडावर ठेवलं तर गळतं, तोडून ठेवायला थंड गोदाम नाही, पावसात रस्ता बंद पडला की पिकअपमध्येच मऊ पडतं. 2023 च्या पावसात तिकडचे रस्ते वाहून गेले तेव्हा नाल्यात सफरचंदं ओतल्याचे व्हिडिओ आले होते ते आठवत असतील. ज्याच्याकडे सीए स्टोर, म्हणजे हवा नियंत्रित ठेवणारं थंड गोदाम, आहे तो हाच माल मार्च-एप्रिलमध्ये काढतो, कमाई तिथे आहे भिया.

पेटीचं मात्र बरं झालंय. आधी टेलिस्कोपिक कार्टनचं झाकण वर सरकवून अठ्ठावीस-तीस किलो कोंबायचे आणि पैसे एका पेटीचेच. 2024 पासून हिमाचलमध्ये युनिव्हर्सल कार्टन सक्तीचं आहे, म्हणजे झाकण वर न सरकणारं एकाच मापाचं खोकं, 20 किलोचं. त्यामुळे पेटीचा जो भाव सांगतील त्याला सरळ वीसने भागा. भाड्याचं म्हणाल तर दहा सुट्या पेट्यांसाठी कुणी ट्रक लावत नाही, दिल्लीपर्यंत एक बुकिंग नि पुढे दुसरं, आणि त्या उचल-ठेवीत तळचा थर जातो. आमच्याकडे शिमल्याहून सरळ येणाऱ्या गाडीत जागा निघाली तर बोलून बघतो.

राधिका, राजेंद्र नगर:
आम्ही मागवतो. एक्स्ट्रा लार्ज अजिबात घेऊ नका, दिसायला भारी पण लवकर पिठूळ होतं, मीडियम किंवा स्मॉल घ्या, पोरांच्या डब्यालाही तेच बरं. आणि बागवानाला आधीच सांगा की ईथरेल (फळ पिकवायचं रसायन) मारलेला माल नको, त्याने रंग लवकर चढतो पण फळ टिकत नाही. पेटी आली की एक कापून बघायचं, बिया तपकिरी हव्यात, पांढऱ्या निघाल्या तर घाईत तोडलंय समजा. आणि काका, एका घरात वीस किलो कोण खाणार? रॉयल आपल्या इथल्या हवेत बाहेर फार दिवस कडक राहत नाही, दोन घरांत एक पेटी पुरे.

महूवाला:
माझा मेहुणा बँकेच्या नोकरीत शिमला जिल्ह्यातल्या रोहडूला होता, त्याच्याकडून ऐकलेलं आणि थोडं डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो. तुम्ही जो ए ग्रेड घेणार तो त्यांचा तसाही विकला जातो हो! मार खातो तो गारपिटीचा माल. एप्रिल-मेमध्ये फळ सुपारीएवढं असताना गार लागली की तिथे खपली धरते, मग फळ वाढतं आणि खपली तशीच राहते, मोठेपणी तिथे एक वाळका तपकिरी खड्डा. चवीत काडीचा फरक नाही. पण मंडीत तो सी ग्रेड. सरकारी खरेदीत त्याला साडेदहा रुपये किलो होते, 2023 ला 12 केले, त्यातून तोडणीची मजुरी आणि पिकअपचं भाडं वजा करा म्हणजे काय उरतं बघा. बागेवर जाळी टाकली की वाचतं, सबसिडीही मिळते, तरी आपला हिस्सा घालावा लागतो आणि उतारावर खांब रोवणं वेगळंच.

त्यात हिवाळा हलका होत चाललाय. रॉयलसारख्या जातीला 7 अंशाच्या खाली हजार-बाराशे तास थंडी लागते, ती मिळाली नाही तर फुलं मागेपुढे उमलतात, मग मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवल्या तरी फळ धरत नाही. खालच्या पट्ट्यातले बरेच जण म्हणूनच प्लम, कीवी, डाळिंब असलं काही लावतात.

तर त्या माणसाचं भलंच करायचं असेल तर तीन-चार पेट्या डागी मालाच्या मागा आणि पैसे माल चढवतानाच पूर्ण द्या. खपली वाळलेली आहे ना तेवढं विचारा, ताजी जखम असली तर वाटेतच सडतं आणि शेजारच्यालाही घेऊन जातं.

भुक्कड इंदोरी:
डागी माल पाठवा इकडे, आम्ही जिरावन (पोह्यांवरचा मसाला) टाकून खाऊ. जोक बाजूला, हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-99 ही सफरचंदाची जात आहे ना, कमी थंडीची, 2025 ला पद्मश्री मिळाली त्यांना, ती इकडे कुणी लावलीये का? सिमरोलकडे आमची थोडी जागा पडून आहे.

लोकमान्यनगरकर:
सगळ्यांचे आभार. मग पाच पेट्या मीडियम आणि तीन डागी, असं सांगतो त्यांना, पैसे बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) हातात पडली की लगेच. मुनीमजी, गाडीचं नक्की झालं की मेसेज करा. सुदामा नगर, राजेंद्र नगरकडच्या कुणाला अर्धी पेटी हवी असेल तर राखीच्या आधी सांगा, नंतर जोडीदार शोधत बसणार नाही.