प्रवेशसंगीत म्हणजे वेळकाढूपणा? एका शेऱ्याला सविस्तर उत्तर

पडद्यामागचा:
डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-कंपनीच्या कार्यक्रमांत मल्ल रिंगकडे येताना जी गाणी वाजतात, त्यांच्याबद्दल 'तिसरी रांग' यांनी काल लिहिले होते, "एन्ट्रीची गाणी ही निव्वळ वेळकाढूपणाची सोय आहे. मी प्रत्येक एन्ट्री पुढे ढकलतो आणि घंटा वाजल्यावरच पाहायला बसतो." शेरा दोनच ओळींचा होता, पण तो वाचल्यापासून मी चरफडतो आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर.

४ जानेवारी १९९९ चा 'रॉ', म्हणजे कंपनीचा साप्ताहिक टीव्ही कार्यक्रम, आठवा. कार्यक्रम आधीच चित्रित झालेला होता आणि मॅनकाइंड हा मल्ल जिंकणार हे प्रतिस्पर्धी वाहिनीच्या निवेदकाने थेट प्रक्षेपणात फोडून टाकले होते. म्हणजे निकालाची उत्सुकता संपल्यात जमा होती. तरीही रिंगभोवती दोन्ही मल्लांच्या टोळ्यांची हाणामारी जुंपलेली असताना जेव्हा स्टीव्ह ऑस्टिन या मल्लाच्या गाण्यातली ती काच फुटते, तेव्हा ऑस्टिन पडद्यामागेच असतो, कॅमेऱ्यात त्याची सावलीही आलेली नसते आणि सगळे सभागृह उभे राहिलेले असते. खुर्चीचा फटका नंतर बसतो. प्रसंग त्याआधीच घडून गेलेला असतो. कंपनीचे संगीतकार जिम जॉन्स्टन यांनी त्या गाण्याच्या तोंडाशी काच फोडून ठेवली नसती, तर बुकिंग करणाऱ्यांना, म्हणजे लढती आणि निकाल ठरवणाऱ्यांना, हा प्रसंग लिहिताच आला नसता.

माझा मुद्दा एवढाच आहे की, प्रवेशसंगीत पहिल्या ठोक्याला ओळखू आले पाहिजे, कारण कोणीतरी अचानक मध्ये येण्याचे प्रत्येक नियोजन त्या ठोक्यावर उभे असते. अंडरटेकर या मल्लाच्या गाण्यातला घंटेचा टोला आणि एज या मल्लाच्या गाण्याआधीचे ते कुजबुजते वाक्य ही याचीच उदाहरणे आहेत. एज २०११ मध्ये मानेच्या दुखण्यामुळे निवृत्त झाला आणि २०२० च्या रॉयल रंबल या मोठ्या वार्षिक लढतीत परतला. ह्यूस्टनच्या मैदानातील लोकांना तो दिसण्याआधी ते वाक्य ऐकू आले आणि नऊ वर्षांचा हिशेब तिथेच चुकता झाला. जॉन्स्टन २०१७ मध्ये कंपनीतून गेले, आणि त्यानंतरची बरीच गाणी अशी आहेत की, दहा सेकंद कोणीतरी नुसते गुणगुणते आणि तोवर कोण येत आहे हे निवेदकालाच ओरडून सांगावे लागते.

तिसरी रांग:
आपण ऑस्टिनचे उदाहरण घेतलेत, म्हणजे पाऊस चांगला की वाईट हे ठरवायला चेरापुंजीला गेलात. जुलै २०१२ पासून 'रॉ' तीन तासांचा झाला, आणि त्यानंतर आठवड्यामागून आठवडे मी जे पाहिले ते असे की, एक जण रमतगमत येतो, जाहिराती लागतात, दुसरा रमतगमत येतो, चार मिनिटांची लढत होते आणि जिंकलेल्याचे गाणे पुन्हा लागते. याला नियोजन म्हणायचे असेल तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही म्हणा.

शिवाय गाणे माणसाला घडवते हे साफ चूक आहे. हल्क होगन या मल्लाचे म्हणून जगाला पाठ असलेले 'रिअल अमेरिकन' मुळात विंडहॅम आणि रोटुंडो यांच्या जोडीसाठी होते. ते होगनकडे गेले आणि त्याचेच झाले. उलट फॅनडँगो या मल्लाकडे पाहा. एप्रिल २०१३ मध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमानंतरच्या दिवशी न्यू जर्सीतील प्रेक्षकांनी त्याची धून डोक्यावर घेतली आणि ते गाणे ब्रिटनच्या विक्री-यादीतही पोहोचले. गाणे तरले, माणूस मिडकार्डात, म्हणजे मधल्या फळीत, बुडाला. आणि गाणी हवीच असतील तर सीएम पंक या मल्लासारखी बाजारातली नावाजलेली गाणी विकत घ्या, घरगुती लोणच्याचा एवढा अभिमान कशाला?

ध्वनिक्षेपक:
मी लग्नसमारंभांना ध्वनियंत्रणा पुरवतो, त्यामुळे येथे पोटतिडकीने लिहीत आहे. नवरा-नवरीची एन्ट्री हा प्रकार आमच्याकडे आल्यापासून पेन ड्राइव्हवर मिळालेले गाणे जसेच्या तसे लावायचे, असा माझा शिरस्ता होता. एका लग्नात नवरीने निवडलेल्या गाण्याच्या सुरुवातीला वीस-पंचवीस सेकंदांची बासरी होती. दार उघडले, धूर सोडला, नवरी दारात उभी राहिली, आणि समोरचे तीनशे लोक जिलेबीबद्दल बोलत राहिले, कारण बासरी तर सकाळपासूनच मंद आवाजात चालू होती. ढोलकी पडली तेव्हा लोकांनी माना वळवल्या, पण तोवर त्या मुलीचे हसू आखडून गेले होते. तेव्हापासून मी प्रत्येक गाण्याचे तोंड कापून घेतो आणि आधी अर्धा सेकंद पूर्ण शांतता ठेवतो. त्या शांततेचे पैसे मला कोणी देत नाही, पण खरे काम तीच करते.

तेव्हा 'पडद्यामागचा' यांच्याशी मी सहमत आहे, पण निम्मा. पहिला ठोका अचानक येणाऱ्यासाठी. जो येणार हे आधीच जाहीर आहे, त्याच्यासाठी लोकांना गाता येईल अशी धून लागते. नाकामुरा या मल्लाच्या धुनेतले व्हायोलिन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. २०१८ च्या रेसलमेनियात एजे स्टाइल्सकडून हरल्यावर तो हील, म्हणजे खलनायक, झाला, आणि लवकरच त्याच्या धुनेवर जपानी रॅप चढवण्यात आला. लोकांना गाता येऊ नये हाच त्यामागचा डाव होता, असे माझे धंद्यातले मत आहे. ज्याला शिव्या मिळायला हव्यात, त्याच्या सुरात सूर मिसळून कसे चालेल?

पडद्यामागचा:
निम्मी सहमतीही आजकाल दुर्मिळ आहे, ती ठेवून घेतो.

'तिसरी रांग' यांच्या लोणच्याबद्दल. सँडमॅन हा मल्ल ईसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती-कंपनीत मेटॅलिका या बँडच्या गाण्यावर, प्रेक्षकांतून वाट काढत, बिअर पीत यायचा. ती एन्ट्री म्हणजेच तो माणूस होता. पुढे डब्ल्यूडब्ल्यूईने त्या जुन्या लढती स्वतःच्या नेटवर्कवर आणल्या तेव्हा हक्कांअभावी त्या गाण्याच्या जागी दुसरेच संगीत चिकटवले. आता पडद्यावर शेकडो लोकांचे ओठ एक गाणे म्हणताना दिसतात आणि कानावर भलतेच पडते. बाजारातल्या लोणच्याची बरणी परत करावी लागते, ती अशी.

टोरांटोवासी:
आपण सर्व जण गाण्यांवर भांडत आहात, पण मुख्य दोष लढतींच्या क्रमात असतो, आणि तो मी स्वतः भोगला आहे. १७ मार्च २००२ रोजी टोरांटोच्या स्कायडोम मैदानात रेसलमेनियाला ६८,२३७ प्रेक्षक होते, त्यांतला मी एक. नोकरीसाठी येऊन वर्षही झाले नव्हते, आणि तिकिटाची किंमत पत्नीला आजतागायत निम्मीच सांगितलेली आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर बसलो होतो. रॉक आणि होगन एकमेकांसमोर नुसते उभे राहिले, त्यांनी मान डावीकडे-उजवीकडे वळवून लोकांकडे पाहिले, आणि पायाखालचे काँक्रीट थरथरले. हील म्हणून आणलेल्या होगनला लोकांनी त्या रात्री परस्पर नायक करून टाकले. त्यानंतर उरले काय? महिलांच्या लढतीत खुद्द टोरांटोची ट्रिश होती, तरी माझ्या रांगेतील अर्धे लोक खाद्यपदार्थांच्या खिडकीपाशी होते. ट्रिपल एच आणि जेरिको यांची विजेतेपदाची मुख्य लढत आली तेव्हा लोकांचा घसा बसलेला होता. जिवंत बँड आणून वाजवा नाहीतर तोफा उडवा, मेलेल्या सभागृहाला गाणे उठवू शकत नाही.

पडद्यामागचा:
हा धागा संगीतावर आहे याची नम्र आठवण करून देतो. आणि विजेतेपदाची लढत शेवटी ठेवायची नाही तर कोठे ठेवायची? उद्या दोन पाहुण्यांची लढत शेवटी ठेवली, तर पट्ट्याला किंमत काय राहील?

टोरांटोवासी:
मी तेथे होतो. आपण टीव्हीवर पाहिलेत. याहून अधिक काय सांगू?

जुनी सांगलीकर:
पट्ट्याच्या किमतीचा प्रश्न आमच्या यात्रेतील पंच कमिटीने कधीच सोडवलेला आहे. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, मग हजारांच्या, आणि एक नंबरची जोडी शेवटी. लोक ज्यासाठी आले तेच शेवटी, त्यात पट्टा आहे की गदा आहे हे कोणी विचारत नाही. अर्थात यातही खोड आहे. मी लहान असताना आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या एका मैदानात मधल्या कुस्त्या एवढ्या लांबल्या की एक नंबरची जोडी लागेपर्यंत दिवस मावळला, आणि वीस मिनिटांच्या खडाखडीनंतर ती अंधारात बरोबरीत सोडवली. आजोबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढची दोन वर्षे ते यात्रेला गेले, पण मैदानाकडे फिरकले नाहीत.

तिसरी रांग:
लाल मातीत घाम गाळणाऱ्या पैलवानांची तुलना या ठरवून केलेल्या नाटकाशी करताना थोडी तरी लाज बाळगावी. तेथे कोणी धुरातून चालत येत नाही आणि कोणाचे गाणेही लागत नाही. मैदानात उतरायचे, माती लावायची, हात मिळवायचा.

जुनी सांगलीकर:
लाज कोणी बाळगावी ते मागाहून ठरवू. आपण मैदान प्रत्यक्ष पाहिले आहे की नाही, याची मला शंका येऊ लागली आहे. हलगी कोणासाठी वाजते? पैलवान फेरी मारतो तेव्हा ती वाजतेच, पण तिचे खरे काम पुढे असते. जोड लागली की ती घुमू लागते, पैलवान नुसते हात झटकत असले की ठेका सैल पडतो, आणि पट निघाला, कब्जा मिळाला की हलगीवाला बेभान होतो. पाठीमागच्या ज्या म्हाताऱ्याला काही दिसत नाही, त्याला तेवढ्या आवाजावरून आत काय चालले आहे ते कळते. अमेरिकेच्या रिंगमध्ये लढत सुरू झाली की संगीत बंद होते, म्हणून सगळा भार प्रवेशावर येतो. आपल्याला एन्ट्रीचा कंटाळा येतो हे मी समजू शकते. परंतु संगीतच नको असे म्हणणाऱ्याने लाल मातीचे नाव घेऊ नये.

ध्वनिक्षेपक:
हलगीचा मुद्दा मान्य, पण तिला वीज लागत नाही म्हणून आम्हा लोकांचे नुकसान होते, हेही नोंदवतो.

टोरांटोवासी:
सांगलीकर ताईंनी माझाच मुद्दा माझ्याहून चांगला मांडला, याचे थोडे वाईट वाटले. दुरुस्ती म्हणून एवढे सांगतो की, होगनच्या वेळी जे काँक्रीट थरथरले, त्याची सुरुवात दोघे समोरासमोर येण्याआधी, गाण्यापासूनच झाली होती. हे 'पडद्यामागचा' यांच्या बाजूने मोजू नये.

पडद्यामागचा:
मोजले. बदल्यात मीही एक पाऊल मागे घेतो: त्या रात्री रॉक आणि होगन शेवटी असते तर पट्ट्याचे आभाळ कोसळले नसते. नव्या गाण्यांबद्दलचे मत मात्र तसेच राहील. शंका असेल तर पाठ करून बसा, नुसते ऐका, आणि पहिल्या दोन सेकंदांत आजच्या मिडकार्डातील पाच जण ओळखून दाखवा.

तिसरी रांग:
आव्हान स्वीकारले. काल रात्री पाठ करूनच बसलो, म्हणजे स्वयंपाकघरात कणीक मळत होतो आणि मुलाला बाहेर गाणी लावायला सांगितले होते. आजच्या पाचांपैकी मी एकच ओळखला. हा पुरावा आपल्या बाजूचा आहे की माझ्या, यावर विचार करतो आहे. मग त्या लबाडाने न सांगता १९९९ ची ती लढत लावली. काच फुटली तेव्हा मी कणकेच्या हातांनी बाहेर आलो, रिमोटलाही कणीक लागली. हा एक अपवाद समजावा. तीन तासांच्या हिशेबाचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.