विषय: हायस्कूलचे विषय निवडायचेत, मार्गदर्शन हवं

मृणाल, ऑरोरा

नमस्कार मंडळी,

गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून इथे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात आलो. मुलगा आठवीत आहे, ऑगस्टमध्ये हायस्कूलला (इथे नववी ते बारावी) जाईल. काल शाळेकडून विषयांची जाडजूड पुस्तिका आली. गणित, विज्ञान समजतं. पण ऑनर्स (त्याच विषयाचा वरच्या पातळीचा वर्ग) घ्यायचं की साधं, आणि बँड, फोटोग्राफी, लाकूडकाम हे सगळं वेळापत्रकात बसवायचं कुठे? ह्यांचं म्हणणं, मिळतील तेवढे ऑनर्स घेऊ आणि पी.ई.तून, म्हणजे शारीरिक शिक्षणातून, सूट मिळते का बघू. मुलाला लाकूडकामच हवंय. आठवडाभर रोज रात्री जेवताना हाच विषय चाललाय. शुक्रवारी फॉर्म द्यायचा आहे. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा.

---

श्रीकांत, नेपरव्हिल

मृणाल,

आमच्या दोन्ही मुली इथल्याच सरकारी हायस्कूलांतून शिकल्या. थोरलीच्या वेळी माझं काय चुकलं ते आधी सांगतो.

अकरावीत तिने चार एपी, म्हणजे हायस्कूलातच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, घेतले. ऑर्केस्ट्राही सोडवेना, म्हणून जेवणाचा तास काढून तिथे एक वर्ग बसवला. शाळेने पालकांची सही मागितली, मी लगेच केली. नोव्हेंबरात एका रात्री तिच्या दप्तरात तीन डबे सापडले, एकही उघडलेला नाही. सोमवारची पोळी-भाजी, मंगळवारची, बुधवारची. रागावायला गेलो तर म्हणाली, "बाबा, खायचं कधी?" मी काय बोलणार! दुसऱ्या सत्रात तिला जेवणाचा तास परत घ्यायला लावला. कॉलेजप्रवेशात त्याने तसूभरही फरक पडला नाही.

एपीला माझा विरोध नाही. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे एपी परीक्षेत पाचपैकी 3 किंवा जास्त गुण मिळाले तर राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना त्याचं क्रेडिट (पदवीसाठीचे श्रेयांक) द्यावंच लागतं, त्यात फीचे पैसे खरोखर वाचतात. पण ज्या विषयाची मुलाला गोडी आहे त्यातच घ्या. आणि नववीत घाई नको.

पी.ई.बद्दल घरी एवढं सांगा. इलिनॉयमध्ये कायद्यानेच पी.ई. सक्तीचं आहे. पूर्वी रोज असायचं, 2017च्या बदलानंतर पाच दिवसांतून किमान तीन दिवस. अकरावी-बारावीत काही कारणांसाठी सूट मागता येते, नववीत ती मागूही नका. आमच्या गावात तर या विषयाला मोठा मान आहे. नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलमध्ये वाचनात मागे पडलेल्या मुलांना शाळा सुरू होण्याआधी 'झीरो अवर'ला पळवायचे, नाडीचे ठोके मोजणारं यंत्र लावून, आणि मग वाचनाच्या वर्गात बसवायचे. कोण पहिला आला याला महत्त्व नव्हतं, ज्याच्या त्याच्या नाडीप्रमाणे मेहनत मोजायची. याच गावातली आठवीची मुलं 1999च्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विज्ञानात जगात पहिली आणि गणितात सहावी आली होती. सगळं श्रेय व्यायामाला देता येणार नाही, पण पळण्यात अभ्यासाचा वेळ वाया जातो असं या गावात तरी कोणी म्हणत नाही.

आता लाकूडकाम. धाकटीने दहावीत सांगितलं, मला टीसीडीला जायचंय, गाड्यांचं काम शिकायला. टीसीडी म्हणजे ॲडिसनमधलं टेक्नॉलॉजी सेंटर ऑफ ड्युपेज. आसपासच्या हायस्कूलांतली अकरावी-बारावीची मुलं अर्धा दिवस आपल्या शाळेत आणि अर्धा दिवस तिथे शिकतात: वेल्डिंग, स्वयंपाक, आरोग्यसेवा, अग्निशमन, मोटारदुरुस्ती. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, तरी दोन आठवडे नाही म्हणत होतो. "आपण गॅरेज काढायला इथे आलो का?" असंही बोलून गेलो. ते शब्द मला अजून टोचतात.

पालकांना बोलावलं होतं त्या संध्याकाळी तिने एक ब्रेकची डिस्क माझ्यासमोर ठेवली, मायक्रोमीटर लावला, दोन-तीन ठिकाणी जाडी मोजली आणि डिस्कवर कोरलेला आकडा दाखवला. "याच्या खाली गेली की बाद. ही बाद." तिची बोटं काळी झाली होती आणि हात जराही हलत नव्हता. मी कॉलेजात मायक्रोमीटर हातात घेतला तो तिसऱ्या सत्रात, परीक्षेपुरता. ती आज इंजिनिअरिंगच करतेय. तिथे प्रयोगशाळेत बाकीची मुलं पाना उचलायला बिचकतात तेव्हा ही पुढे होते.

मुलगा लाकूडकाम मागतोय तर द्या. काउन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शकाला, भेटा, मुलाला बरोबर न्या आणि बोलायचं त्यालाच द्या. इथे काउन्सेलर मुलाचं ऐकून घेतात, आपणच मध्ये बोलतो.

---

रोहिणी, ऑरोरा

श्रीकांतकाकांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. मी दोनच गोष्टी सांगते.

नवीन मुलाला मित्र वर्गापेक्षा शाळा सुटल्यावर मिळतात. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघात, सहसा कुणाला वगळत नाहीत, येईल त्याला घेतात. बुद्धिबळ येत असेल तर फारच छान. इथे आयएचएसएच्या (इलिनॉयच्या हायस्कूलांच्या संघटनेच्या) स्पर्धेत आठ पटांचा संघ असतो; पहिल्या पटावर जिंकलं तर 12 गुण, आठव्यावर 5. माझा मुलगा नववीत आठव्या पटावर बसायचा. त्याच्या 5 गुणांनी एक सामना जिंकला तेव्हा बारावीच्या मुलांनी त्याला उचलून घेतलं होतं. त्या दिवसानंतर "परत पुण्याला जाऊ" हे वाक्य आमच्या घरात आलं नाही.

दुसरं, मराठी सोडू नका. इलिनॉयमध्ये 2013पासून सील ऑफ बायलिटरसी आहे. इंग्रजीबरोबर दुसरी भाषा नीट लिहिता-वाचता-बोलता येते हे सिद्ध केलं की उत्तीर्णतेच्या दाखल्यावर तशी नोंद होते, आणि राज्यातली सरकारी विद्यापीठं ती हायस्कूलच्या दोन वर्षांच्या परभाषेइतकी धरतात. मराठीची परीक्षा कशी द्यायची ते भाषा विभागाला आत्ताच विचारून ठेवा.

---

मृणाल, ऑरोरा

श्रीकांतकाका, रोहिणीताई, मनापासून आभार. तुमची मेल ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. डब्यांपर्यंत आले आणि ह्यांनी स्वतःच फॉर्म पुढे ओढला. गणित आणि विज्ञान ऑनर्स, इंग्रजी साधं, लाकूडकाम, पी.ई. आणि जेवणाचा तास. मुलाने स्वतः सही केली. एकच विचारायचं राहिलं: लाकूडकामाचा गॉगल शाळा देते की आपण घ्यायचा? त्याला चष्मा आहे.

---

श्रीकांत, नेपरव्हिल

आमच्या शाळेत द्यायचे. चष्म्यावरून बसणारा वेगळा मिळतो, पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगायला सांगा. आणि त्या तासाला सैल बाह्यांचा शर्ट नको.